केबिनमधले मिस्टर पांडुरंग

आमचे हे सकाळपाळी करून आले, बूट काढले, मोजे बुटात कोंबले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, “नीलू, हा मिस्टर पांडुरंग कोण?”

मी कणीक मळत होते. मला वाटलं, थट्टा चाललीय. ज्याचं नाव घरात सकाळ-संध्याकाळ घेतलं जातं, तो कोण म्हणून काय विचारायचं? पण ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. दोह्यातल्या नजमा भागातल्या ट्रॅव्हल एजन्सीचा मेसेज होता. मिसेस नीलांबरी आणि मिस्टर पांडुरंग, बोटीवर एक डबल केबिन. मिस्टरांच्या पासपोर्टची कॉपी अजून आलेली नाही, लवकर पाठवावी. अडीअडचणीला म्हणून मी तिथे ह्यांचाच नंबर देऊन आले होते.

आता हे झालं कसं, ते मुळापासूनच सांगायला हवं.

माझं माहेर जतकडचं. तिथे पावसाळ्यातसुद्धा ओढ्याला पाणी दिसलं तर लोक बघायला जायचे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो देवळातल्या कीर्तनात. आमचे बुवा उत्तररंगाला आले की उपरणं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचे, मागून पेटीवाला भाता जोरात ओढायचा आणि पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेल्या आम्हा पोरांना अगदी खरं वाटायचं, की गलबत निघालं. शीड फुगलंय, डोलकाठी करकरतेय, भक्त पुढच्या टोकाला, नाळेवर बसलाय आणि सुकाणूवर साक्षात देव. बुवांनीही उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. पण ते गलबत काही माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

लग्न होऊन ह्यांच्यामागे कतारला आले, अल खोरला. हे रास लफानला गॅसच्या प्लँटवर. घरापासून चालत जाण्याइतका समुद्र, रोज दिसणारा. इथल्या बंदरात कोळ्यांच्या लाकडी ढाऊ असतात, दिसायला देखण्या. पण सगळ्या इंजिनावर चालणाऱ्या, धूर सोडत जाणाऱ्या. लांबवर गॅस नेणारी जहाजं दिसतात, ती तर तरंगणारे कारखानेच. शीड म्हणून कुठे दिसलं नाही.

मग एकदा उर्वीनं, आमच्या लेकीनं, टोरांटोहून एक फोटो पाठवला. इंडोनेशियातली लाकडी बोट, तिला तिकडे पिनिसी म्हणतात. दोन डोलकाठ्या, सात शिडं, पुढे लांब निघालेली नाळ. खाली हिरवंनिळं पाणी, मागे बेटाचे डोंगर. बुवांनी उपरण्यात दाखवलेलं गलबत कुणीतरी जसंच्या तसं उचलून पाण्यात ठेवलं होतं. आत म्हणे एसी केबिन, पांढऱ्याशुभ्र चादरी, डेकवर जेवण, पाहुण्यांच्या दिमतीला माणसं. बेटाबेटांतून ती हळूहळू फिरत राहते. उर्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. मी नुसता लांबलचक उसासा व्हॉइस मेसेजमध्ये पाठवला, तर तिचं उत्तर आलं, “आई, जस्ट गो.”

मी ह्यांना फोटो दाखवला. हे म्हणाले, छान आहे, पुढच्या वर्षी जाऊ, इन्शाल्ला. आखातात राहणाऱ्याला इन्शाल्ला बरोबर ओळखता येतं. एक असतं मनापासूनचं, आणि एक असतं दुकानदार ‘उद्या या’ म्हणताना म्हणतो तसं. हे दुसरं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. कधी दुरुस्तीसाठी प्लँटचा शटडाऊन, कधी ह्यांच्या जागी येणारा रिलीव्हर आजारी, कधी नवा मॅनेजर. मी काही भांडले नाही. पण शुक्रवारी माझ्या मैत्रिणीकडे, भैरवीकडे आमचं छोटं भजन असतं, तिथे झांज वाजवताना माझ्या मनात एकच चित्र यायचं. डेकवर दोन खुर्च्या आहेत, एकीवर मी, दुसरीवर हे, आणि ह्यांच्या हातात फोन नाही.

शेवटी ह्या वर्षी ठरवलं, एकटीनं जायचं. ह्यांना सांगितलं. “जा की,” म्हणाले, “खरंच जा.” इतक्या सहज म्हणाले, की मला रात्रभर बोचत राहिलं.

बसनं दोह्याला गेले. नजमात एका कॅफेटेरियाच्या वरच्या मजल्यावर ती एजन्सी आहे. टेबलामागे सुलास्त्री नावाची बाई, माझ्याच वयाची, डोक्याला गुलाबी हिजाब, गोड चेहऱ्याची. नाव ऐकूनच मी म्हटलं, हे तर आमच्याकडचं वाटतं. ती हसली आणि इंग्रजीत सांगू लागली, की आमच्या भाषेत तुमचे खूप शब्द आहेत, गुरू, मंत्र, समुद्र. माझं तर मनच भरून आलं. तिचं गाव सुलावेसी बेटावर, जिथे ह्या बोटी बांधतात तिथलंच. सगळं हातानं, किनाऱ्यावरच, नकाशा न काढता. बोटीचा कणा म्हणून जे मोठं लाकूड आधी आडवं ठेवतात, त्याची दोन्ही टोकं तिकडे पूजेनं कापतात. पुढचा तुकडा समुद्रात टाकतात, तो नवऱ्याचा, दर्यावर जाणाऱ्याचा. मागचा तुकडा घरी नेऊन ठेवतात, तो बायकोचा, वाट बघणारीचा.

मी म्हटलं, म्हणजे मी मागचा तुकडा. ती म्हणाली, मीसुद्धा. तिचे मिस्टर जहाजावर असतात, वर्षातून एकदा भेट. मग तिनं खालच्या कॅफेटेरियातून आम्हा दोघींना चहा मागवला.

फॉर्म भरताना ती स्वतःच्याच भाषेच्या लयीत बोलू लागली. “सुआमी?” तिनं विचारलं आणि बोटानं माझ्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. “सुआमी, कम टुगेदर?”

आता सांगा, गुरू झाला, मंत्र झाला, आणि त्यात हिनं स्वामी विचारला. मला वाटलं, केवढी भाविक बाई आहे, एकट्या बाईला विचारतेय की देव सोबत आहे ना! मी हात जोडले आणि म्हटलं, “ऑलवेज. स्वामी ऑलवेज विथ मी.”

“नामा?” म्हणाली.

नाम. नाम कोणतं घेता, असं. मी सांगितलं, “पांडुरंग.”

तिनं प्रत्येक अक्षर विचारून नीट टाइप केलं. नाइस नेम, म्हणाली. केबिन दोघांचीच असते, एक गेलं काय नि दोन गेले काय, भाडं केबिनचं, त्यामुळे आकड्यावरूनही मला काही कळलं नाही. बाकीचे पेपर व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाली, मी हो म्हटलं. परतीच्या बसमध्ये अल खोर येईपर्यंत मी मनात गुणगुणत होते.

तर असं ते मिस्टर पांडुरंग प्रकरण. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी हे सगळं ह्यांना सांगितलं, आणि ह्यांनी मोबाइलवर तो शब्द शोधला. सुआमी, म्हणजे नवरा. स्वामीचाच तो, तिकडे जाऊन नवरा झालेला. आम्ही दोघं इतके हसलो, की कणकेचे हात तसेच घेऊन मी खाली बसले. हे म्हणाले, पासपोर्ट कसा काढायचा आता? जन्मतारीख काय घालायची? पत्ता एक सोडला तर कशालाच पुरावा नाही. मी म्हटलं, फोटोत दोन्ही हात कमरेवर, ते चालणार नाही म्हणतील.

हसता हसता हे थांबले. माझ्यासमोर खाली फरशीवरच बसले.

“एक सांग. तिनं खुर्ची दाखवून विचारलं, सोबत कोण येणार. तुझ्या मनात मी आलोच नाही?”

मला पटकन काहीतरी गोड बोलता आलं असतं. पण खोटं बोलवेना.

“अहो, सोबत कोण असतं, असं विचारलं तिनं. जो असतो त्याचं नाव सांगितलं.”

हे उठले. हात धुतले, जेवले, ताट स्वतः विसळलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना परस्पर नजमाला जाऊन आले. रास लफानहून नजमा म्हणजे घर मागे टाकून पार दोह्यापर्यंत जायचं. स्वतःचा पासपोर्ट देऊन आले. सुलास्त्रीनं पांडुरंगाचं नाव काढून तिथे ह्यांचं घातलं, अनंतराव.

संध्याकाळी मी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली आणि सांगितलं, देवा, जरा सरकून बस. राग मानू नकोस. तुझ्या जागी हे येतायत, तुलाच बरं वाटेल.

त्यानंतरचे आठवडे मला फार गोड गेले. जेवताना प्लँटचं नाव निघेना. हे समुद्राचं बोलायचे. कुठल्या महिन्यात तिकडे वारा कुठून येतो, कुठल्या बेटावरची वाळू गुलाबी आहे, पाण्याखाली तोंड घालून मासे बघायचे असतील तर नळीतून श्वास कसा घ्यायचा. कंपनीच्या पोहण्याच्या तलावात जाऊन ती नळी लावून बघितली, नाकात पाणी गेलं, तर त्याचं वर्णन दोन दिवस चाललं. एक मोठ्या काठाची टोपी आणली. ती घालून आरशापुढे उभे राहिले आणि मला विचारलं, कसा दिसतो? मी म्हटलं, अगदी आंब्याच्या बागेतल्या राखणदारासारखे. तरी ती टोपी ह्यांनी बैठकीत खुंटीला टांगली, येता-जाता दिसेल अशी.

रजेचं अप्रूव्हल मात्र येत नव्हतं. मी विचारायची नाही. हे सांगायचे नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच ह्यांचा फोन आला. कंपनीच्या बसमधून बोलत होते, मागे माणसांचा आवाज. शटडाऊन लांबला होता. ह्यांच्या जागी कुणी नाही. बोलताना ह्यांचा आवाज मोठा होता, बसमध्ये बोलताना असतो तसा, पण शेवटचं वाक्य एकदम हळू आलं. “नीलू, नाही जमलं गं.”

मी म्हटलं, खलास, मग मीही जात नाही. चीड आली म्हणून म्हटलं नाही. खरोखर जावंसंच वाटेना. दोन खुर्च्यांचं चित्र इतके आठवडे रोज पाहून झाल्यावर एकीवरच जाऊन बसायचं म्हणजे काय? आधी एकटी निघाले होते तेव्हा इतकं जड नव्हतं वाटलं.

हे घरी आले ते तसेच माझ्या बॅगेपाशी बसले. आत ह्यांचे कपडे होते, ते एकेक करून बाहेर काढले, घडी न मोडता. मी काढू देत नव्हते. हे म्हणाले, तू गेली नाहीस तर मी रोज ड्यूटीवर जाईन आणि रोज मला वाटेल, की मी एकट्याचं नाही, दोघांचं बुडवलं. एवढं माझ्यावर ठेवू नकोस. मग मी हात मागे घेतला. टोपी तेवढी ह्यांनी माझ्याकडे दिली. म्हणाले, ऊन असेल तिकडे.

सकाळी विमानतळावर सोडायला आले. शिफ्टला उशीर होणार होता, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. अल खोरचा रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू. अर्धा रस्ता संपला. मग ह्यांनी विचारलं, बोटीवर रेंज असते का? मी म्हटलं, सुलास्त्री म्हणाली नसते, बेटांच्या मागे गेलं की अजिबात नसते. हे मान हलवत राहिले.

आत सोडतात तिथपर्यंत बॅग ओढत आले. कामाचेच कपडे अंगावर, छातीवर कार्ड लटकलेलं. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, अगं काय, लोक बघतात.

“आल्यावर सगळं सांग मला,” म्हणाले. “घाईघाईनं नको. शिडं कशी चढवतात, पाणी कसं दिसतं, काय जेवलीस, सगळं. सुरुवातीपासून. मी ऐकायला बसेन.”

“बसाल?”

“जमिनीवर, पहिल्या रांगेत.”

मी बॅग हातात घेतली. पासपोर्ट दाखवून आत गेले. काचेपलीकडून ह्यांनी हात वर केला, मीही केला, मध्ये माणसं आली. गलबत अजून डोळ्यांनी पाहायचं होतं, समुद्र अजून लांब होता, आणि मी मात्र रांगेत उभी राहून मनात जुळवू लागले होते, की परत आल्यावर ह्यांच्यापुढे सुरुवात कुठून करायची. पहिल्या शिडापासून करावी, की त्याच्याही आधी, बोटीवर पाऊल ठेवताना लाकूड कसं करकरलं तिथून.