भरवशाच्या रांगेतला पासपोर्ट

मी एक जुना पासपोर्ट आहे, मित्रांनो. निळं कव्हर, छत्तीस पानं आणि एक कापलेला कोपरा. कोपरा कापला म्हणजे आमची नोकरी संपली. आता नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली पडून असतो. वेळच वेळ आहे, म्हणून म्हटलं तुमच्याशी चार गोष्टी बोलाव्या.

माझे मालक गणपतराव. माझ्यातला त्यांचा फोटो पाहिला तर तुम्हालाही हसू येईल. फोटोत हसू नका म्हणून बजावलं होतं, पण ह्या माणसाचे डोळे ऐकतात का? नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग, घर नागपूरला, आणि खरा धंदा लोकांची गंमत करण्याचा. लग्नात नवरदेवाचा जोडा उचलून घोडेवाल्याच्या पिशवीत टाकायचे आणि मग सगळ्यांच्या पुढे होऊन शोधायला लागायचे. जोडा सापडला की शिव्या घोडेवाला खायचा. हे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. मालक असा असला की पासपोर्टालाही मजा येते.

माझ्यासोबत त्याच दिवशी गोपिकाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा पासपोर्ट आला. आम्ही दोघं एका रबरबँडमध्ये राहायचो. लेक दीप्ती अमेरिकेत होती, तिच्याकडे जायचं होतं.

पहिल्या खेपेला आमचे हाल झाले. तिकडे उतरल्यावर तीन तास रांग. गोपिकाबाईंचा गुडघा टम्म सुजला आणि पुढचं विमानही चुकलं. दीप्तीनं आईचा पाय पाहिला आणि त्याच आठवड्यात कंप्युटरवर अर्ज भरायला बसली. तिकडे एक योजना असते, मित्रांनो. सरकार तुमची आधीच कसून चौकशी करतं. माणूस भरवशाचा निघाला तर त्याला वेगळी, झटपट रांग. यंत्रापुढे चेहरा दाखवायचा, साहेब एक-दोन प्रश्न विचारतो, की निघाले. अट एकच. भरवसा मोडायचा नाही.

अर्जात काय काय विचारलं होतं. पाच वर्षांत कुठे राहिले, कुठे फिरले, कधी पोलिसात नाव आलं का. चौकशीला इकडे सक्करदऱ्यात हवालदार आला तर घराला कुलूप. त्यानं शेजारच्या इंदुताईंना गाठलं. इंदुताईंनी नंतर फोनवर सांगितलं ते मी खिशातून ऐकलं.

"त्यानं मले विचारलं, माणूस कसा हाये? मी म्हटलं, नंबरी हाये. पण चोर नाही."

"नंबरी काहून सांगितलं वं इंदुताई?"

"मंग काय सरकारशी खोटं बोलू?"

शेवटी विमानतळावरच्या हापिसात मुलाखत झाली, बोटांचे ठसे झाले आणि दोघांनाही कार्ड मिळालं. नागपूरला परतल्यावर गणपतरावांनी ते कार्ड पानठेल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. माझाही भाव वधारला. मला प्लास्टिकचं नवं कव्हर मिळालं. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

मग दीप्तीला दिवस गेले. फेब्रुवारीत आम्ही निघालो तेव्हा तिला आठवा लागला होता. ओटी भरायला पाच फळं लागतात. गणपतराव म्हणाले, माझ्या लेकीच्या ओटीत दुकानातलं फळ पडणार नाही. मृगाच्या बहाराची तोड चालू होती. त्यांनी स्वतः बागेत जाऊन पाच संत्री निवडली, देठापानासकट.

गोपिकाबाई म्हणाल्या, "अहो, तिकडे फळ चालत नाही म्हणते दीप्ती."

"खायाचं फळ चालत नाही. हे ओटीचं हाये."

"साहेबाले सांगून द्या मंग."

"सांगितलं त मजा काय राहिली? त्याच्या नाकाखालून नेतो, तू पाह्य फक्त."

पाच संत्री खणात बांधली आणि कापडी थैलीत, शालीखाली गेली. थैली गणपतरावांच्या खांद्यावर. मी त्यांच्या वरच्या खिशात. वास मला येत होता.

झटपट रांगेत खरंच दोन मिनिटं लागली. साहेबानं मला उघडलं, विचारलं, फळं, बिया, खायचं काही? गणपतराव इंग्रजीत म्हणाले, काही नाही. दोघांच्या वतीनं तेच म्हणाले. गोपिकाबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, त्या खाली पाहत होत्या. शेजारच्या लांब रांगेतले लोक आमच्याकडे टकामका बघत होते आणि गणपतरावांची छाती फुगली होती.

सामान घ्यायला गेलो. तिथे एक कुत्रा फिरत होता, लहानसाच, लांब कानांचा. लपवलेलं खाणं शोधत, लोकांच्या पायांतून हुंगत हुंगत येत होता. गणपतरावांचं काळीज कसं उडायला लागलं ते मला माहीत आहे, मी त्याच्यावरच होतो.

"हे थैली धर वं जरा. मी फोन पाहून राहिलो."

गोपिकाबाईंनी थैली घेतली. नवऱ्यानं सामान दिलं तर बाई घेतेच, त्यात विचार कसला? कुत्रा आला आणि त्यांच्या पायाशी शांत बसून राहिला. पोरगेल्या तोंडाची एक अधिकारी आली. तिनं खण सोडला, संत्री पाहिली आणि विचारलं, ही थैली कोणाची?

गणपतराव म्हणाले, "वाइफ."

गोपिकाबाईंना इंग्रजीतले मोजकेच शब्द कळत. त्यात हा होता. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग अधिकारीणबाईकडे पाहून मान हलवली. हो, माझी.

पाचही संत्री त्यांच्यासमोर डब्यात टाकली. कागद झाले, दंड झाला. गोपिकाबाईंचं कार्ड रद्द झालं. माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. माझी नोंद स्वच्छ राहिली.

दीप्तीच्या ओटीत दुकानातली सफरचंदं पडली. संध्याकाळी जेवताना गणपतरावांनी किस्सा रंगवला. "तुह्या आईनं त अमेरिकेच्या कुत्र्याले बी संत्र्याचा नाद लावला." जावई हसले. दीप्ती हसता हसता म्हणाली, "आई, तुला सांगितलं होतं ना गं मी." गोपिकाबाईही थोडं हसल्या आणि ताटं उचलायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, आत्ता हे खरं काय ते सांगतील. वाढणं संपलं, भांडी संपली, सहा महिने संपले. गणपतरावांनी सांगितलं नाही.

तीन वर्षांनी दीप्तीला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी तब्येत नाजूक होती. ती फोनवर रडत होती, आई, तू ये. गणपतरावांनी दोन तिकिटांची चौकशी केली.

"मी नाही येत," गोपिकाबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या.

"काहून? रांगेले भेतं काय? चाकाची खुर्ची सांगतो ना मी तुह्यासाठी."

"मले रांगेचं भेव नाही. मले तुमच्या बाजूले उभं राहाचं भेव वाटते."

गणपतरावांनी एकच तिकीट काढलं.

ते एकटेच गेले. झटपट रांगेत आमच्या पुढे कोणीच नव्हतं. यंत्रानं चेहरा ओळखला, साहेबानं 'वेलकम' म्हटलं. एक मिनिटही लागलं नाही. बाहेर दीप्ती उभी होती, पोटावर हात ठेवून. तिनं वडिलांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या मागच्या दरवाजाकडे पाहत राहिली. आई येणार नाही हे तिला फोनवर सांगितलं होतं. तरी ती पाहत राहिली. दरवाजा दोनदा उघडला, दोनदा मिटला. मग ती म्हणाली, "चला बाबा," आणि पुढे चालायला लागली.

पुढे माझी मुदत संपली आणि कोपरा कापला गेला. गोपिकाबाईंचा पासपोर्ट माझ्या शेजारीच आहे. त्याची बरीच पानं कोरी राहिली. आम्ही बोलत नाही.

मित्रांनो, पासपोर्टाला पाण्यापासून जपा, पानं दुमडू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी वेगळं मागतो. आपली थैली आपल्याच खांद्यावर ठेवा. विचारलं तर माझी म्हणा. माझ्यावर एकही वाईट शिक्का नाही, आणि रोज वाटतं, एक असता तर बरं झालं असतं.

गणपतराव हल्ली फार कोणाची गंमत करत नाहीत. समोरच्या खोलीत बसून असतात. गोपिकाबाई आत स्वयंपाक करत असतात. मधे पंधरा पावलं आहेत. तिथे ना रांग आहे, ना साहेब.

'थैली माझी' म्हणायला गणपतराव अजून आत गेले नाहीत.