आत्याचं कुर्र

“जमिनीवर ठेवू नका तिला. मांडीवर घ्या, आणि तुम्हीही हलू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुमनबाईनं सव्वा वर्षाच्या गोदीला मांडीवर घट्ट धरलं. नर्सनं समोर लाल चेंडू नाचवला आणि डॉक्टरीणबाईंनी मागून घंटा वाजवली. गोदी चेंडूकडंच बघत राहिली. मग त्यांनी पितळी थाळीवर दणका दिला. बाहेरच्या बाकावर पेंगणारा म्हातारा धडपडून उठला, पण गोदीची पापणीसुद्धा हलली नाही. ती नर्सकडं बघून लाळ गाळत हसत होती.

कोपऱ्यात उभी असलेली मनकर्णा, म्हणजे गोदीची आत्या, दोन पावलं पुढं सरकली.

“पन घरी ऐकती हो ती!” सुमन रडकुंडीला आली. “उखळात मुसळ पडलं की झोपेतून उठती. वळून बगती.”

“जमीन हादरते ना, ती तिच्या अंगाला कळते. कानाला नाही. म्हणून तर मांडीवर घ्यायला सांगितलं.”

पोखर्णीच्या त्या घरात गेले चार महिने याच कानांवरून भांडण पेटलेलं होतं. सासू तानुबाईंचं म्हणणं, सून पोटुशी असताना माघातल्या अवसेला मोठं ग्रहण लागलं आणि ही बया विळीवर भाजी चिरत बसली, म्हणून पोर बहिरी जन्मली. सुमनचं म्हणणं, पोर धडधाकट होती. बारशाला वन्संनी कानात नाव सांगताना एवढ्या जोरात ‘कुर्र’ केलं की पडदाच फाटला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं होतं ते. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि सुमनची काडी मनकर्णा होती.

या मनकर्णेला नवऱ्यानं टाकलं, त्याला बरीच वर्षं झाली. भावाच्या घरी राबायची, मिळेल ते खायची. मान म्हणावा असा एकच होता. तिचा गळा खणखणीत, म्हणून गल्लीत कुणाचंही बारसं असो, ‘कुर्र’ करायला तिला बोलावणं यायचं. पाळण्यावर वाकायची, बायका पाठीत धपाटे घालायच्या, आणि तेवढ्यापुरती ती साऱ्या गल्लीची आत्या व्हायची. सुमननं बोट ठेवलं ते नेमकं तिथं. मनकर्णेला राग आला होता, आणि तो गेला नव्हता.

“जन्मली तेव्हा ताट वाजवलं असेल ना तुमच्याकडं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “तेव्हा दचकली होती का?”

“मी शुद्धीवर न्हवते,” सुमन म्हणाली आणि तिनं नणंदेकडं पाहिलं. त्या नजरेत सरळसरळ विनवणी होती.

ताट मनकर्णेनंच वाजवलं होतं. पोर पुढं आवाजाला भिऊ नये म्हणून वाजवतात. बाकीची पोरं दोन्ही हात झाडून टाहो फोडतात. गोदी मात्र गुमान पडून होती. पोर धीट आहे, असं तिनं तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

“न्हाई दचकली,” मनकर्णा म्हणाली.

“म्हणजे जन्मापासूनच. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, तिथंच अडलंय. आणि हे बघा, यात कुणाचाही दोष नाही.”

कुणाचाही दोष नाही! शहाण्या होत्या बाई, पण पोखर्णीला हे ऐकवणार कोण? तिथं दोष असतोच, फक्त कुणाच्या पदरात घालायचा एवढंच ठरायचं असतं.

परतीच्या एसटीत मनकर्णेला हलकं वाटत होतं. खरंच वाटत होतं. आपण सुटलो, आता ही बया भोगील. सुमन खिडकीशी गोदीला छातीशी धरून बसली होती.

“वन्सं, तुमचं खरं झालं,” ती म्हणाली. “माझं बोचकं बांधा आता. राणीसावरगावची पोरगी हेरून ठिवलीय सासूबाईंनी ह्यांच्यासाठी. मला न्हाई का ठावं? माज्या माहेरी दोन भावजया हायत. कुटं बसू हिला घिऊन?”

भावजयांच्या घरात कुठं बसायचं असतं, ते मनकर्णेइतकं कुणाला माहीत होतं? चुलीच्या मागं, कुणाच्या पायात येणार नाही असं.

तानुबाई दारातच उभ्या होत्या. मागं गोदीचा बाप चंद्रभान बैलाचं दावं हातात धरून थांबला होता.

“जल्माची का मागून?” पोर कशी आहे, हेसुद्धा म्हातारीनं विचारलं नाही.

सुमननं डोळे मिटून घेतले.

“मागून,” मनकर्णा म्हणाली. “कानात कुनीतरी लय जोरात वरडलं, म्हनली डॉक्टरीन. पडदा फाटलाय.”

“आक्का...” चंद्रभान एवढंच म्हणाला आणि दावं घेऊन गोठ्याकडं वळला.

तानुबाईंची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. सुनेसाठी साठवलेल्या शिव्या पोटच्या पोरीला कशा घालाव्यात, हे त्यांना सुचेना. “मने, रांडे,” त्या शेवटी म्हणाल्या, “इथून पुढं कुनाच्या पाळन्याला हात लावू नगंस.”

सुमन कुठंही गेली नाही. राणीसावरगावचा विषय मागं पडला. गोष्ट मात्र गल्लीत पसरायची ती पसरलीच. आधी बारशांची बोलावणी बंद झाली. मग मनकर्णा रस्त्यानं येताना दिसली की तान्ह्या पोरांच्या आया त्यांच्या कानांवर पदर घ्यायला लागल्या. भांडण नाही, तंटा नाही, नुसता पदर.

पोळा झाल्यावरची एक सकाळ. मनकर्णा आडावरून पाणी घेऊन येत होती. सुमन गोदीला कडेवर घेऊन दारात उभी होती, शेजारणीही होत्या. ओट्यावरून तानुबाई ओरडल्या, “सुमन, कान झाक पोरीचे! मनी यायलीय.”

सुमननं नणंदेकडं एकदा पाहिलं. सासूकडं पाहिलं. मग पदर ओढून तिनं गोदीचे दोन्ही कान झाकले.

गोदीला तो खेळ वाटला. आत्याला बघून तिनं पदराआडून हात पसरले. मनकर्णा काहीतरी बोलणार होती, पण तिनं तोंड घट्ट मिटलं, डोक्यावरची घागर सावरली, आणि पोरीला आपला पदरसुद्धा लागणार नाही इतकं अंग चोरून ती आत गेली.