हत्तीऐवजी मी

मित्रांनो, आमच्या गावच्या शाळेमागे, कडुनिंबाच्या सावलीत सिमेंटची एक बुटकी, रुंद घसरगुंडी आहे. ती मीच. माझं वय आता बरंच झालं. पाठ जागोजागी खरबरीत झाली आहे. पण मी जन्माला आले हेच नवल, कारण गावाला मी नको होते. गावाला हत्ती हवा होता.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सरपंच हिंमतराव नागपूरला गेले आणि तिथल्या एका बागेचा फोटो घेऊन आले. फोटोत सिमेंटचा हत्ती होता. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरायचं. सरपंचांनी तो फोटो पुंजाजी मिस्तरींच्या हातात ठेवला.

"अस्साच पाह्यजे. जरासाही फरक नाई पाह्यजे."

पुंजाजी गावचे गवंडी. विहिरीचं गोल बांधकाम करावं तर त्यांनीच. त्यांच्या हाताखाली माल कालवायला जनकाबाई असायची. तिनं फोटो बराच वेळ न्याहाळला.

"मिस्तरी, याले तं पायऱ्याच पायऱ्या हायेत. माही तानू कशी चढन?"

तानू तिची सहा वर्षांची मुलगी. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. ती हातांवर भार देत बसून सरकायची.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी एसटीनं शेजारच्या एका गावी गेले. त्या गावानं वर्षभरापूर्वी तसाच फोटो पाहून तसाच हत्ती बांधला होता. भर चैत्रात दुपार कलली होती. पश्चिमेकडे तोंड केलेली सोंड तव्यासारखी तापली होती. हत्तीच्या पोटाखाली शेळ्या बसल्या होत्या. मुलं मात्र दूर नाल्याच्या काठावर, बारदान अंथरून, पाच-पाच जणं हात धरून घसरत होती.

"हत्तीवर काऊन नाई घसरत बे?" पुंजाजींनी विचारलं.

"सोंड भाजते, बाबा. अन् एकट्यानं घसराले काय मजा?"

पुंजाजींनी परतल्यावर सरपंचांना हे सारं सांगून पाहिलं. सरपंच तेव्हा मोतीबिंदू काढायला अमरावतीला निघाले होते. "पंचायत समितीचे सभापती हत्ती पाहाले येऊन राह्यले, पुंजाजी. फोटोतलाच बांध," एवढं बोलून ते गाडीत बसले.

तीन दिवस पुंजाजींनी थापी हातात घेतली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी फोटो घडी करून खिशात टाकला आणि कडुनिंबाखाली मुरूम ओतायला लावला.

तोच माझा जन्म. धुम्मसानं मुरूम ठोकला, वर खडी आणि सिमेंट पडलं. मला पायऱ्या नव्हत्या. मागच्या बाजूनं हळूहळू वर येणारा उतार होता, बसून सरकतही चढता येईल असा. पुढून मी सुपासारखी पसरट होते, सहा मुलं शेजारी शेजारी बसतील एवढी. खाली नाल्यातली मऊ वाळू.

पुंजाजींना भीती वाटत होती. माझी पाठ घोटताना त्यांचा हात मधेच थांबायचा.

"आपल्याले कामावरून काढतीन, मिस्तरी," जनकाबाई म्हणायची.

"मले काढतीन. तुह्यावर नाई येऊ देनार," ते म्हणायचे आणि पुन्हा घोटू लागायचे.

वीस दिवसांनी सरपंच परतले. डोळ्यांवर हिरवी झापड होती. ते थेट माझ्यापाशी आले.

"मले दिसत नाई, का हत्तीच नाई?"

"हत्ती नाई, सरपंच साहेब," पुंजाजी म्हणाले.

सरपंचांचा चेहरा लाल झाला. "फोडून टाक! आत्ताच्या आत्ता!"

पुंजाजींनी खरंच घण आणला. मित्रांनो, माझं आयुष्य एवढंच, असं मला वाटलं. मग त्यांनी तो खाली टेकवला आणि म्हणाले, "फोडतो. पन एक डाव पोरायले घसरू द्या."

मुलं धावलीच. सगळ्यांत शेवटी तानू. हातांवर सरकत ती माझ्या पाठीवर चढली, कुणाचीही मदत न घेता. दोन्ही बाजूंच्या मुलींनी तिचे हात धरले आणि सहाजणी एकदम खाली वाळूत आल्या. तानू एवढ्यानं हसली की जनकाबाईनं पदर तोंडाला लावला.

सरपंच वाकले. नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"रंग कोनता देऊन राह्यला?" त्यांनी विचारलं.

घण अवजारांच्या खोलीत परत गेला. पुंजाजी माझ्यावरच टेकले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढं माझं नाव झालं. पिंपळगाव राजाहून दोन माणसं टेप घेऊन आली आणि माझी मापं घेऊ लागली. पुंजाजींनी टेप गुंडाळून त्यांच्या हाती दिली. "तुमचे पोरं कुठं खेळतात, ते दाखवा आधी," म्हणाले. तिथं त्यांनी काही वेगळंच बांधलं. मला त्याचा आनंदच झाला.

अलीकडे माझ्या अंगावर भेगा पडल्या आहेत, वाळूत काचा येतात. मित्रांनो, पावसाळ्याआधी तेवढ्या भेगा बुजवा, काचा वेचा. आणि मोठेपणी तुमच्या हातून काही बांधलं जाणार असेल, तर ते कोणासाठी आहे हे विचारा, आणि आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.