डावं दार

तिसऱ्यांदाही गाडीचं दार लागलं नाही. वरची कड बरोबर बसली, पण खालचं टोक खांबावर ठक्कन आपटलं आणि दार हळूच परत उघडलं.

"राहू द्या," शैलेश म्हणाला. "अजून जोर लावला तर पत्रा चेपेल."

धर्माजींनी हात मागे घेतला. बेटेगावच्या त्या शेडच्या कोपऱ्यातून पत्र्याचा कारागीर चंद्रभान ओरडला, "चाचा, जहाज कब छूटेगा?" हे तो रोज विचारायचा आणि धर्माजी रोज म्हणायचे, "भरती आली का सांगतो." आज त्यांनी मानही वर केली नाही.

गाडी मधोमध उभी होती. इंग्लंडातल्या एका छोट्या कारखान्यात साठ वर्षांपूर्वी हातांनी बांधलेली, दोनच माणसांची, ठेंगणी आणि लांब नाकाची. तिच्या खाली पोलादी चौकट होती, वर ॲल्युमिनियमचा पत्रा होता, आणि या दोहोंच्या मध्ये, कुणाला सांगून पटणार नाही, पण लाकूड होतं. पत्रा ज्याला ठोकलेला असतो तो सगळा पिंजरा लाकडाचा. तारापूरच्या एमआयडीसीत वीस वर्षं टूलरूम सांभाळून शैलेशने जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं हे काम सुरू केलं होतं. लोखंड त्याला कळायचं, लाकूड कळत नव्हतं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी तो नांदगावच्या किनाऱ्यावर होड्यांचा सुतार शोधत गेला. फायबरच्या होड्या आल्यापासून धर्माजींना कुणी शोधत आलं नव्हतं. त्यांची लाकूड तासायची वाकस घराच्या आढ्याला टांगलेली होती.

गाडीचा पत्रा उतरवल्यावर त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, "ही होडीच हाय. फक्त पाणी हिला आतनं लागलंय."

मुंबईच्या दमट हवेत डावी बाजू पार कुजली होती. बोट दाबलं की आत जायचं. ती सगळी बाजू, दार ज्यावर टेकतं त्या खांबासकट, धर्माजींनी नव्याने बांधली, आणि आज, दीड महिना चंद्रभानकडे असलेलं डावं दार परत आलं तेव्हा ते लागेना.

"वर ठीक आहे, खाली आठ मिलिमीटर अडतंय," स्नेहल वाकून म्हणाली. ती शैलेशकडची इंजिनीअर, दोन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली. गाडीची सगळी मापं आणि चित्रं ती कॉम्प्युटरवर काढायची.

"खांब तिरका झालाय," शैलेश म्हणाला. "हे बघा धर्माजी, राग नाही माझा. पण रविवारी गाडीचे मालक येतायत. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, जमत नसेल तर लाकडी सांगाडा इंग्लंडहून तयार मागवू. त्यांना मी काय सांगू?"

"खरं ते सांगा. सुताराचा डोळा गेला म्हनून."

हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की शैलेशलाच ओशाळल्यासारखं झालं.

दोन महिन्यांपूर्वी पालघरला त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. तेव्हापासून त्यांना जग दोन रंगांत दिसायचं. डाव्या डोळ्याने पाहिलं तर फळी पांढरी, निळसर झाक असलेली. उजव्याने पाहिलं तर तीच फळी हळदीत बुडवल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, नवा डोळा खरं सांगतो, जुना पिवळं दाखवतो. पण पन्नास वर्षं लाकडाची ओळ पाहिली ती जुन्यानेच. आता एक डोळा मिटून फळीवरून नजर टाकली की ती सरळ आहे की नाही हे पूर्वीसारखं आतून उमटत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी आजपर्यंत शेडमध्ये कुणाला सांगितली नव्हती. म्हणूनच या खेपेला ते डोळ्यावर विसंबले नाहीत. स्नेहलने दिलेल्या कागदावर विसंबले. कागदावर होतं तसंच, रेघेला रेघ लावून त्यांनी खांब तासला. आणि तरी तो तिरका आला.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले. धर्माजींनी वाकस, पटाशा, रंधा, गुण्या एकेक करून गोणपाटावर ठेवले आणि गुंडाळायला घेतले. पटाशीची धार बोटाने चाचपली. चांगली होती. बसायला ओंडका होता तोही त्यांनी भिंतीला लावून ठेवला.

"काका, थांबा जरा."

स्नेहल खांबाजवळ गुडघ्यांवर बसली होती. चित्रावरून कापलेला पुठ्ठ्याचा एक साचा तिने खांबाला लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला. मग मोजपट्टीने पाच ठिकाणी माप घेतलं.

"तुमचा खांब चित्राप्रमाणे आहे. अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा फरक नाही."

"मग दार कसं लागंना?"

"तेच तर." ती उठली. तिचे कान लाल झाले होते. "चित्र चुकलंय. म्हणजे चूक माझी आहे. डावी बाजू कुजलेली, तिचं माप मिळेना, म्हणून मी उजव्या बाजूचं माप घेतलं आणि स्क्रीनवर उलटं केलं. आरशात दिसतं तसं. गाडीच्या दोन बाजू सारख्याच असतात ना."

धर्माजींना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"कोन बोलला तुला?"

"सगळ्या गाड्यांच्या असतात."

"मशिनच्या असतील. आमच्यात होडीच्या एका अंगाला माझा बाप बसायचा, दुसऱ्या अंगाला चुलता. बापाची बाजू जरा फुगीर यायची. जेवायचा पन तसाच. दोन बाजूंत बोटभर फरक असला तरी समुद्रानं कधी तक्रार नाय केली."

स्नेहल हसली नाही. "पण काका, हे सिद्ध कसं करायचं? शैलेशसर म्हणतील, ठोकताना दार वाकलं. चंद्रभानवर येईल."

धर्माजी शेडच्या मागे गेले. पत्र्याखाली गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं होतं. त्यांनी ते आणून उलगडलं. आत डाव्या बाजूचं जुनं कुजकं लाकूड होतं, एकेक तुकडा काथ्याने बांधलेला.

"हे फेकायला सांगितलं होतं ना सरांनी?"

"सांगितलं होतं. मी विचारलं, मापाला ठेवू का, तर बोलले सगळं कॉम्प्युटरवर हाय. पन आमच्यात नवी होडी पान्याला लागल्याबिगर जुनं लाकूड जाळत नाय. पान्याला लागली, का मग सुताराच्या घरी त्याच्यावर पानी तापवायचं." ते तुकडे जमिनीवर जुळवू लागले. "ठेवलं खरं. बघितलं मात्र नाय. तुझा कागद सुबक होता."

खांबाचे तीन तुकडे होते. मधला पोखरलेला, पण कड शाबूत. ते एकापुढे एक लावल्यावर दोघांनाही दिसलं. जुना खांब खाली मागे झुकत गेला होता. स्नेहलने मोजलं. आठ मिलिमीटर.

"इंग्लंडहून तयार सांगाडा आला असता तरी बसला नसता," ती हळूच म्हणाली.

धर्माजी अंगठा जुन्या खांबातल्या सांध्याच्या खाचेतून फिरवत होते. खाच जिथे कोरली होती तिथे पटाशीचे बारीक घाव अजून लागत होते, छोटे आणि घाईचे. उठून त्यांनी उजव्या बाजूच्या जुन्या खांबाच्या खाचेत अंगठा घातला. तिथले घाव लांब, निवांत होते.

"सुतार दोघं होते," ते म्हणाले. "हा दुसऱ्याचा हात. ह्याला घरी जायची घाई होती."

शैलेश परत आला तेव्हा स्नेहलने त्याला सगळं दाखवलं. स्वतःची चूक तिने सगळ्यात आधी सांगितली. शैलेश जमिनीवरच्या तुकड्यांजवळ वाकला. "फेकायला सांगितलं होतं मी," एवढंच पुटपुटला. मग धर्माजींकडे वळून म्हणाला, "त्या लांबीची एकच फळी उरलीय."

"एकच लागंल."

गाडीत मुळात होतं तेच हे विलायती लाकूड, वजनाला हलकं. त्याचे धागे लांब, वाकवलं तर वाकतं आणि सोडलं की परत येतं. क्रिकेटचे चांगले स्टंप त्याचेच करतात, असं स्नेहलने त्यांना एकदा सांगितलं होतं. धर्माजींनी जुना खांब फळीशेजारी ठेवला आणि खडूने रेघ ओढली. सवयीने त्यांनी एक डोळा मिटला. फळी पिवळी झाली. दुसरा मिटला, फळी निळसर झाली. शेवटी त्यांनी दोन्ही उघडे ठेवले, जुन्या लाकडावर डावा तळवा, नव्यावर उजवा, आणि दोन्ही हात एकदमच खाली नेले. जिथे उजव्या हाताला उंच लागलं तिथे वाकस चालवली. तीन दिवस हेच.

शनिवारी सकाळी दार लावलं. आवाज मोठा झाला नाही. पेटीचं झाकण बसावं तसं ते बसलं.

"चल गया जहाज!" चंद्रभान ओरडला.

"थांब. अजून पान्याला नाय लागलं."

म्हणून शैलेशने गाडी मनोरपर्यंत नेली. धर्माजींना डावीकडे बसवलं. जमीन इतकी जवळ होती की त्यांना मचव्यात बसल्यासारखं वाटलं. रस्ता जिथे उखडला होता तिथे सांगाडा करकरला, वाकला आणि परत जागेवर आला. लाकूड काम करत होतं. धर्माजींनी जाऊन-येऊन सगळा वेळ तळवा दारावर ठेवला होता. दार कुठेच वाजलं नाही.

रविवारी मालक आले तोवर लाकडावर आधीच रंगवून ठेवलेला पत्रा आणि चामडं रात्रीतून चढलं होतं. त्यांनी रंग पाहिला, इंजिन ऐकलं. मग डावं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडून लावलं.

"छान. सांगाडा शेवटी इंग्लंडहून मागवला वाटतं?"

"नाही," शैलेश म्हणाला. "नांदगावहून."

मालकांना ते नीट समजलं नाही. ते हसले आणि पुढे निघाले. धर्माजी दाराशीच उभे होते, हात पुसत.

गाडी गेल्यावर शैलेशने सगळ्यांना चहा मागवला. "बरं झालं स्नेहल," तो म्हणाला, "आता दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर आल्या. पुढच्या वर्षी लाकूड कापायचं मशिन घ्यायचंय. परत असं काम आलं की सोपं जाईल." स्नेहलने धर्माजींकडे पाहिलं. ते बिस्कीट चहात बुडवून बघत होते, कधी मोडतं ते.

संध्याकाळी धर्माजी जुन्या लाकडाचं गाठोडं खांद्यावर घेऊन नांदगावला उतरले. पौषातली थंडी होती. त्यांच्या पत्नी मंगलाबाई अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी चढवत होत्या.

"हे काय आनलंत? घरात लाकडं कमी हायेत?"

"विलायती हाय."

"बाई गं! मग पानी पन विंग्रजीत उकळंल." त्यांनी एक तुकडा उचलून पाहिला. "पार खाल्लंय की. पेटंल का?"

"बघू."

त्यांनी काथ्या सोडला आणि तुकडे चुलीत सारले. खाचेचा तुकडा मागे ठेवला. त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला, मग तोही घातला. लाकूड लगेच पेटलं. धूर फारसा झाला नाही.

"दुसऱ्या डोळ्याचं काय ठरलं?" मंगलाबाईंनी विचारलं. "डॉक्टर बोलले ना, तोही करून घ्या."

"पुढच्या महिन्यात."

"मग दोन्हींनी सारखं दिसंल."

"दिसंल."

पाणी तापलं. धर्माजींनी आंघोळ केली आणि टॉवेल गुंडाळून ते पुन्हा चुलीजवळ येऊन बसले. मंगलाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. एवढं हलकं, कुजकं लाकूड, पण निखारा बराच वेळ टिकला होता.