भाऊसाहेबांचं हृदय

भाऊसाहेब म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातला परीक्षेचा बाहुला. रबरी कातडी, छातीत स्पीकर, मानेत धडधडणारी नाडी आणि वर्षानुवर्षं एकच आजार: हृदयाची झडप गळकी. स्टेथोस्कोप लावला की ठोक्यांच्या मध्ये फुसफुस ऐकू येते. हे निदान पोरं जिन्यातच पाठ करून येतात.

मला ती फुसफुस ऐकू येत नाही. जन्मापासून कमी ऐकू येतं. माणसांचं बोलणं कानातलं मशीन आणि ओठ यांवर भागवते. हृदयासाठी माझ्याकडे पडद्याचा स्टेथोस्कोप आहे, ठोके रेषेत दाखवणारा. तो चालेल का, यावर समितीने वर्षभर काथ्याकूट केला. "पेशंटला काय वाटेल?" एकांनी विचारलं. "बरं वाटेल," मी म्हणाले. हे मात्र धडधाकट कानांच्या एकालाही ऐकू गेलं नाही.

शेवटी समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे सर म्हणाले, "परीक्षेत करून दाखव. जमलं तर परवानगी. नाहीतर कान लागत नाहीत असं काहीतरी बघ." म्हणजे वॉर्डाला कायमचा रामराम. मला वॉर्डच हवा होता. सकाळी आई म्हणाली, "अजिबात घाबरू नकोस," आणि माझ्या चहात मीठ घातलं.

माझ्या आधीचे सगळे एकेक करून आत गेले, "फुसफुस" म्हणाले आणि हसत बाहेर आले. मग माझी पाळी. खुर्चीत मोठे सर, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम, नुसते मार्क लिहिणाऱ्या.

मी भाऊसाहेबांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. रेष सरळ. माझ्या छातीवर ठेवला, तर रेषेने नुसत्या उड्या मारल्या. भाऊसाहेबांची मान चाचपली. नाडी नाही.

"सर, पेशंटचं हृदय बंद आहे."

"नीट ऐक!" सर ओरडले. माझ्यावर ओरडून उपयोग नसतो, पण लोकांना तेवढंच सुचतं.

उत्तर मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर परवानगी खिशात. पण समोर मेलेला माणूस होता, रबरी का होईना. मी स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागले.

"अगं, काय चाललंय तुझं? थांब!"

"सीनियर तपासून सांगेपर्यंत थांबायचं नाही, तुम्हीच शिकवलंय, सर!" भाऊसाहेबांची चप्पल उडून मॅडमच्या टेबलावर पडली.

सरांनी घाईघाईने आपला साधा स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले. "छान ठोके. फुसफुस अगदी स्पष्ट!"

मग मॅडमनी लावला. एकदा, दोनदा. मग पलंगामागे वाकल्या आणि एक वायर वर धरली. प्लग बाहेर. फरशी पुसताना कधीतरी निघाला असावा.

"म्हणजे सकाळपासून पोरांनी मढं तपासलं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांची परीक्षा पुन्हा. ही सोडून." आणि ही बातमी द्यायला त्या व्हरांड्यात गेल्या. तिथला हलकल्लोळ मलासुद्धा ऐकू आला.

मी आणि सर उरलो. मला खरं तर नाचायचं होतं. पण सर प्लगकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. समितीपुढे बसल्यावर माझा उतरायचा, अगदी तस्सा.

"कधीपासून, सर?" मी विचारलं.

"झाली बरीच वर्षं." त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पडद्याकडे. "हे... मिळतं कुठे?"

"कुठल्याही दुकानात, सर. फक्त वापरायला समितीची परवानगी लागते."