घमेल्यातलं निवळ पाणी

"आज बी न्हाय गो!" पुतळाबाईंनी घमेल्यातल्या पाण्यात बोटं फिरवली आणि कुंपणापलीकडे हाक दिली. "एक पाखरू न्हाय. बघ तरी!"

धम्मदिना शिफ्टला निघाली होती, शेजारच्या नव्या गोदामात झाडलोट करायला. ती थांबली, वाकून साबणाचं पाणी पाहिलं आणि हसली. "मावशी, जिंकलात तुम्ही."

चिकूच्या झाडांमध्ये टांगलेला एक बल्ब आणि त्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं, एवढाच तो सापळा. चिकूच्या बीत शिरणाऱ्या अळीचं पाखरू उजेडाला भुलतं आणि पाण्यात पडतं. सकाळी किती पडली ते पाहायचं आणि त्यावरून फवारणी ठरवायची. गेल्या हिवाळ्यात घमेलं तपकिरी पाखरांनी भरून जायचं. यंदा दसऱ्यापासून पाणी निवळ.

पूर्णा गावात शेती आता नावालाच उरली आहे. पुतळाबाईंची भातखाचरंही एकेक करून गोदामांखाली गेली, आणि खोटं कशाला बोला, त्याचं त्यांना फारसं दुःखही झालं नाही. पण ही बाग नवऱ्याने, केसरीनाथने, जाण्याआधी आपल्या हाताने लावलेली. लेकाच्या, कुणालच्या ट्रकना उभं राहायला जागा हवी होती. "आये, एक करू," तो म्हणाला होता. "होळीच्या तोडीला फळ कापून बघू. बी साफ निघाली तर बाग तुजी, मी परत नाव काढणार न्हाय. किडकी निघाली तर झाडां तोडायची." बाईंनी शब्द दिला. कुणालनेही दिला.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं यंदा झालं. पाखरं गेली ती गेलीच, वर नव्या गोदामाच्या भिंतीवरच्या दिव्यांचा पांढरा उजेड बागेत उतरू लागला. सांज झाली की पानं दुधात बुडाल्यासारखी दिसत. बाई अंगणात खाटेवर पडून बघत राहत. डोळा लागला की केसरीनाथ फांद्या वर सारत यायचा, खाटेच्या कडेला टेकायचा. "झाडां बरी हायती ना गो?" असं विचारायचा. "बरी हायती," बाई म्हणायच्या, आणि आपण हे झोपेत म्हणालो की जागेपणी, ते त्यांना कळायचं नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे. निंबोळी अर्काचा पंप खुंटीला तसाच राहिला. गळलेली फळं उचलून पुरायची, तेही सुटलं. घमेलं निवळ असताना कंबर कशाला मोडून घ्यायची?

होळीच्या तोंडावर फळांची तोड झाली. पेंढ्यात फळं पिकली. वरून कशी देखणी! बाईंनी हौसेने पहिलं कापलं. बीला मोहरीएवढं भोक, आत भुसा, आणि भुशात गुलाबी अळी. त्यांनी दुसरं कापलं, तिसरं कापलं. मग सुरी खाली ठेवली.

दुपारी धम्मदिना पाणी प्यायला आली. "पाखरू एक न्हाय, मंग अळी आली कुठशी?" बाईंनी तिलाच विचारलं.

तिने कापलेली फळं पाहिली. "ती तपकिरी, नखाएवढी पाखरं ना? मावशी, ती तर आमच्या भिंतीखाली पडतात. रोज सुपली भरभरून काढते मी. मला काय माहीत, ती तुमची आहेत!"

दोघी भिंतीपाशी गेल्या. दिव्यांखाली जागोजाग पाखरं चिकटून निजली होती. बागेत वाढायची, बागेतच अंडी घालायची आणि मग त्या मोठ्या उजेडाकडे जायची. बाईंच्या पिवळ्या बल्बला कोण विचारतो? बाईंना स्वतःच्या सुखाची लाज वाटली. आपण खाटेवर पडून हसत होतो आणि झाडं पोखरली जात होती, हे त्यांना सहन होईना.

"सगळीच थोडीच किडकी असतील?" धम्मदिना हलकेच म्हणाली. "कुणालदादा एखादंच कापणार. तुम्ही काही बोलू नका."

संध्याकाळी कुणाल आला. करंडीतून त्याने एक फळ उचललं आणि चिरलं. आतल्या काळ्या बिया चकचकीत होत्या. त्याचा चेहरा खुलला. "साफ हाय, आये! बाग तुजी." हरल्याचा त्याला आनंदच झालेला दिसला. बापाचा लेक होता शेवटी.

बाईंनी त्या बिया डोळे भरून पाहिल्या. मग त्याच्या हातातली सुरी घेतली आणि शेजारचं फळ चिरलं. मग त्याच्या शेजारचं. दोन्हींच्या बिया पोखरलेल्या निघाल्या.

"आये, गप ऱ्हायली असतीस तर..."

"तुज्या बापासच्या झाडाखाली बसून खोटा कसा बोलू रं?"

"पुढच्या वर्सी बघू," कुणाल म्हणाला.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. गोदामाचे दिवे काही जायचे नव्हते, आणि त्यांच्यासमोर आपला बल्ब धरून उभं राहण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. "झाडां तोड. पन तोडायच्या आदल्या सांजेला त्या लोकांना दिवं बंद ठेवाया सांग. एकच सांज."

कुणालचे ट्रक त्या गोदामात जायचे, त्याने ते जमवलं. त्या सांजेला भिंतीवरचे दिवे लागले नाहीत. बाईंनी आपलाही लावला नाही. बागेत पूर्वीसारखा काळोख झाला आणि त्यात पिकल्या चिकूचा वास दाटला. थोड्या वेळाने पाखरं भिंतीवरून उठली आणि परत आली. पानांवर बसली, बाईंच्या केसांवर, हातांवर बसली. त्यांनी एकही झटकलं नाही.

कुणाल मोबाइलची बत्ती पेटवून त्यांना न्यायला आला.

"इजव ती," बाई म्हणाल्या. "आज त्यांना घरी ऱ्हाऊ दे."

त्याने बत्ती विझवली आणि तो आईच्या शेजारी मातीत बसला.