एका नंबरावर एकच

दवाखान्यात तिला सगळे ‘संगणकबाई’ म्हणत. रुग्णांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा तिनेच उभी केली होती आणि त्यातला एक नियम तिचा फार लाडका होता: एका फोन नंबरावर हयात रुग्ण एकच. पूर्वी एकाच माणसाची नोंद दोनदा होऊन औषधांचा सावळा गोंधळ उडायचा. नियम आल्यापासून दोनदा घुसायची कुणाची टाप नव्हती.

आणि त्या सकाळी नेमके तिचे वडीलच काउंटरवर अडले. डोळ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी नोंद हवी. त्यांनी नंबर दिला, तो आईचा.

“घेतच नाहीये गं,” काउंटरवरची बाई तिला म्हणाली. “नंबर आधीच आहे म्हणतंय.”

बिचारं यंत्र तरी काय करणार! शब्दकोशात शब्द असतात तसे हयात रुग्णांचे नंबर इंडेक्समध्ये, म्हणजे सूचीत, क्रमाने लावलेले. ते सगळ्या नोंदी चाळत बसत नाही. थेट त्या जागी जातं आणि जागा भरलेली दिसली की हात जोडतं. ही जागा आईची होती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या नोंदीत ‘मयत’ लिहिलं की नंबर आपसूक सुटला असता. हे लिहायचं काम लेकीचंच. दुसऱ्यांच्या आयांच्या नावापुढे तिने ते डोळ्याची पापणी न लववता लिहिलं होतं. स्वतःच्या आईचं मात्र ती आज-उद्यावर ढकलत आली होती.

“बाबा, तुमच्यासाठी नवा नंबर घेऊ या ना.”

“नवा पाठ कधी व्हायचा मला? आयुष्यभर हाच एक सांगत आलोय.”

“पण मग आईच्या नावापुढे लिहावं लागेल.” “तिच्या तपासणीचे मेसेज यायचे बंद होतील.”

बाबांचा हात खिशातल्या फोनवर गेला.

“दर महिन्याला तिची वेळ पक्की होते, बाबा. ‘येणार’ असं उत्तर येतं.”

“मीच एक नंबरचं बटण दाबतो. नाही येणार म्हणून कसं कळवू गं?”

तिला हे ठाऊक होतं. दर महिन्याची ‘गैरहजर’ नोंद तिने पाहिली होती आणि मुकाट पुढे गेली होती. दोघं बापलेक एकमेकांपासून चोरून एकच गोष्ट करत होते.

“तिच्या वेळेला दुसरं कुणी ताटकळत असेल,” बाबा म्हणाले. “तिला नसतं खपलं ते. लिही.”

तिने लिहिलं. नंबर सुटला. काउंटरवरच्या बाईने पुन्हा नोंद केली आणि या वेळी यंत्राने ती निमूट घेतली.

लगेच मेसेज येऊन बाबांचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईने तो बाहेर काढला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, आणि शेवटी लेकीपुढे केला.

“मला दिसत नाही गं. वाच ना. तिचाच आहे ना?”